ओझे कोणाचे, जोखीम कोणाची?

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटू लागली, की पश्चिम महाराष्ट्रातील आणि मराठवाड्यातील रस्त्यांचे रूप पालटते. एका ट्रॅक्टरामागे दोन ट्रॉल्या, त्यांवर कडांच्या बाहेर डोकावणाऱ्या उसाच्या मोळ्या आणि पुष्कळदा मागे ना दिवा ना परावर्तक, अशी ही मिरवणूक वसंत सरेपर्यंत रात्रंदिवस चाललेली असते. शहरवासी वाचकास हे दृश्य दूरचे वाटेल. परंतु पहाटे बाजार समितीच्या आवारातून गोण्यांच्या भाराने मागे बसलेली पिकअप गाडी बाहेर पडते, किंवा बिऱ्हाड बदलणाऱ्या कुटुंबाचा सारा संसार पाठीवर घेऊन ‘छोटा हत्ती’ पुलाच्या चढावर धापा टाकतो, ते दृश्य त्याच्या नित्य परिचयाचे आहे. अतिभार ही आपल्याकडे इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, की तिच्याविषयी कोणास नवल वाटत नाही आणि संतापही येत नाही. अपघात घडला म्हणजे ‘ब्रेक निकामी झाला’, ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढ्या शब्दांत पंचनामा आटोपतो. ब्रेक निकामी का झाला आणि ताबा का सुटला, हा त्यापुढचा प्रश्न विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्रैराशिकाएवढे सोपे गणित

प्रत्येक मालवाहू गाडीच्या नोंदणी पुस्तकात दोन आकडे असतात. एक, रिकाम्या गाडीचे वजन. दुसरा, भरलेल्या गाडीचे कमाल वजन. या दोहोंतील फरक म्हणजे त्या गाडीची वहनक्षमता. हा हिशेब शाळेतल्या मुलासही करता येईल. तरीही तो क्वचितच कोणी करतो. उदाहरणादाखल एक पिकअप घेऊ. तिचे कमाल वजन ३,००० किलो आणि रिकामे वजन १,७०० किलो आहे. मग १,३०० किलो माल भरता येईल, असे वरवर दिसते. पण चालक आणि त्याचा सोबती यांचे १४० किलो आणि मागाहून बसवलेला लोखंडी सांगाडा, ताडपत्री व दोरखंड यांचे ६० किलो याच १,३०० मधून वजा करावे लागतात. उरले १,१०० किलो. म्हणजे पन्नास किलोंच्या बावीस गोण्या. प्रत्यक्षात त्याच हौद्यात चाळीस गोण्या रचल्या, तर गाडीचे एकूण वजन ३,९०० किलो होते. मर्यादेपेक्षा हे तीस टक्के अधिक झाले.

तीस टक्क्यांनी काय बिघडते, असे विचारणाऱ्यास निसर्गनियमांचे उत्तर ठरलेले आहे. धावत्या गाडीची जी शक्ती ब्रेकला शोषून घ्यावी लागते, ती वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या तर वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरांऐवजी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबविण्यास सव्वादोनपट काम पडते. त्यात तीस टक्के वजनाची भर घातली, की हे काम जवळजवळ तिपटीवर जाते. या साऱ्या शक्तीची उष्णता होते. बोरघाट, कसारा किंवा खंबाटकी यांसारख्या लांब उतारावर ती उष्णता साचत जाते आणि तापलेल्या ब्रेकची पकड शेवटी सुटते. टायरांचेही तसेच आहे. अधिक भाराने टायर अधिक दबतो, अधिक दबल्याने अधिक तापतो आणि तापलेला टायर उन्हाळ्यातल्या भर दुपारी फुटतो. यावर आपल्याकडील तोडगा म्हणजे पाटे वाढविणे. जादा पाटे घातल्याने गाडी मागे बसत नाही, एवढे खरे; पण त्यामुळे ब्रेक, टायर, आस आणि चाकांची मळसूत्रे यांची ताकद तसूभरही वाढत नाही. गाडी सरळ उभी दिसते, एवढाच काय तो लाभ; आणि तो फसवा असल्यामुळे अधिक घातक.

ओझे किती, याइतकेच ते कोठे ठेवले, हेही महत्त्वाचे. बैलगाडी हाकणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे शिकवावे लागले नाही. मागे भार अधिक झाला की गाडी उलार होते आणि पुढे अधिक झाला की जू बैलांच्या मानेवर बसते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. पिकअपच्या फाळक्यापलीकडे लोंबणाऱ्या सळया किंवा पाइप हाच उलारपणा आणतात. पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू फिरविले तरी गाडी वळत नाही. मागे जोडलेल्या गाडीचा नियमही निराळा नाही. एका आसाच्या जोडगाडीचे सुमारे दहा ते पंधरा टक्के वजन ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर असावे लागते. त्याहून कमी असेल, तर मागची गाडी वेगात शेपटीसारखी डोलू लागते. शिवाय हुकावर पडणारे हे वजन ओढणाऱ्या गाडीच्या वहनक्षमतेतच मोजावयाचे असते. ज्या ट्रॉलीस स्वतःचा ब्रेक नाही, तिला थांबविण्याची सारी जबाबदारी पुढच्या ट्रॅक्टरावर पडते. आणि उतारावर मागचे ओझे पुढच्या यंत्रास ढकलू लागले, म्हणजे कोण कोणास ओढतो आहे, हेच कळेनासे होते.

रस्त्याचेही यात मोठे नुकसान आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी सतत फिरवून एक विस्तृत परीक्षण करण्यात आले. आसावरील भार वाढला की रस्त्याची झीज त्या भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. म्हणजे भार वीस टक्के वाढला तर झीज दुप्पट होते आणि तीस टक्के वाढला तर ती पावणेतीन पटींच्याही वर जाते. एका खेपेत वाचलेले डिझेल अशा रीतीने खड्ड्यांच्या रूपाने आपणा सर्वांकडून वसूल होत असते.

कायदा दुबळा नाही

या बाबतीत कायदाच नाही, अशी सबब कोणी सांगू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ अन्वये नोंदणी पुस्तकातील कमाल वजनापेक्षा अधिक भार वाहून नेण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ मधील दंड वीस हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनास दोन हजार रुपये इतका करण्यात आला. जादा माल उतरविल्याखेरीज गाडी पुढे जाऊ देऊ नये, असेही त्यात नमूद आहे. केवळ दंड भरून तोच माल तसाच पुढे नेता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच बजावले होते. उलटपक्षी वाहतूकदारांच्या अडचणींची दखल घेऊन केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये मर्यादाही वाढविल्या. चार टायरांच्या एका आसावरील भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आला आणि दोन आसांच्या मालमोटारीचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. परंतु कायद्याने एक पाऊल पुढे टाकावे आणि व्यवहाराने दोन पावले पुढे जावे, असाच अनुभव आला. मर्यादा वाढल्याने अतिभार थांबला नाही. त्याची फक्त सुरुवात वरच्या आकड्यापासून होऊ लागली.

याहून दारुण गोष्ट म्हणजे मालाऐवजी माणसे कोंबण्याची. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात समारंभाहून परतणाऱ्या ग्रामस्थांची पिकअप उलटून १४ जण दगावले. त्याच वर्षी २० मे रोजी छत्तीसगडमधील कबीरधाम जिल्ह्यात तेंदूची पाने गोळा करून घरी निघालेल्या आदिवासी मजुरांची पिकअप दरीत कोसळली आणि १९ जणांचा अंत झाला. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यात, कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या महिलांवर तसाच प्रसंग ओढवला. हौद्यात उभी असलेली माणसे वळणावर एका बाजूस झुकतात आणि गाडीचा तोल नेमक्या नको त्या क्षणी ढळतो. गोणी निदान दोरीने बांधलेली असते. माणूस तेवढाही सुरक्षित नसतो. शिवाय मालासोबत जाणारा मालधनी वा त्याचा प्रतिनिधी सोडल्यास, मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईचे दायित्व विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निर्णय आहे. म्हणजे ज्या कुटुंबाचा कर्ता गेला, त्याच्या हाती पुष्कळदा विम्याची रक्कमही पडत नाही. परंतु ज्या गावास सकाळी शेतावर जाण्यासाठी एसटीची गाडी नाही, तेथील मजूर स्त्रीने पिकअपमध्ये चढू नये, हा उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा? ही केवळ शिस्तीची उणीव नसून सार्वजनिक वाहतुकीची उणीव आहे.

नफा एकाचा, दंड दुसऱ्याचा

वाहतूकदार म्हणतात, की मर्यादेत माल भरला तर भाडे परवडत नाही, गाडीचा हप्ता फिटत नाही. हे म्हणणे खोटे नाही. पण ते अर्धे सत्य आहे. सर्वच जण जादा भरू लागले, की भाड्याचा दरच तो अतिभार गृहीत धरून ठरतो. मग जादा भरण्याचा लाभ वाहतूकदाराच्या पदरात राहत नाही. तो माल पाठविणाऱ्याकडे जातो. वाहतूकदाराकडे उरतात झिजलेले टायर, वाकलेला आस आणि पोलिसांची भीती. एकट्याने नियम पाळावा, तर धंदा शेजाऱ्याकडे जातो. म्हणून येथे व्यक्तिगत सदाचाराचे आवाहन पुरे पडणारे नाही. सर्वांना एकाच वेळी आणि सारख्याच काटेकोरपणे नियम लागू झाला, तरच भाड्याचे दर न्याय्य पातळीवर येतील आणि त्यात प्रामाणिक वाहतूकदाराचेच हित आहे.

हे कसे साधावे? रस्त्यात गाड्या अडवून हे साधणार नाही. तेथे चिरीमिरीस वाव राहतो आणि उतरविलेला माल ठेवावयास जागाही नसते. उपाय मालाच्या उगमापाशीच आहे. साखर कारखान्याच्या दारात प्रत्येक ट्रॉलीचा काटा होतो, कारण त्याशिवाय उसाचे पैसे देता येत नाहीत. बाजार समित्या, खडीच्या खाणी, सिमेंट व पोलादाचे कारखाने, बंदरे या सर्व ठिकाणी वजनकाटे आहेत. म्हणजे कोणत्या गाडीने किती ओझे वाहिले, याचा लेखी पुरावा रोज हजारोंनी तयार होतो. तो पैशाच्या हिशेबास चालतो आणि माणसाच्या जिवाच्या हिशेबास मात्र कोणी तो विचारात घेत नाही! काट्याची पावती आणि गाडीची नोंदणी आज दोन्ही संगणकावर आहेत. त्या दोहोंची सांगड घालून, मर्यादा ओलांडलेल्या गाडीस फाटकाबाहेर सोडू नये, एवढा दंडक घालण्यास नव्या कायद्याचीही गरज नाही. कलम १९४ मध्ये गाडी चालविणाराच नव्हे, तर ती तशी चालवावयास लावणारा वा चालवू देणाराही अपराधी मानला आहे. हे शब्द माल भरणाऱ्या संस्थांच्या बाबतीत आजवर कितीदा वापरले गेले, याचा जाब राज्य शासनास विचारला पाहिजे.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. हलके वाहन चालविण्याचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. हजारो चालकांच्या उपजीविकेच्या दृष्टीने तो स्वागतार्ह आहे. परंतु मग वहनक्षमता म्हणजे काय, ओझे कोठे ठेवावे, उतारावर खालच्या गिअरमध्ये कसे उतरावे, हे परवान्याच्या परीक्षेत विचारले जावयास नको काय?

आणि शेवटी आपण सारे. ‘एकाच खेपेत सगळे बसवा, दुसऱ्या गाडीचे भाडे कशाला?’ हे वाक्य सामान हलविताना आपल्यापैकी कितीतरी घरांत उच्चारले जाते. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील प्रत्येक मृत्यू अतिभारामुळे झाला, असे नव्हे. परंतु भार सोसण्याची सीमा लिहिलेली असून ती न वाचणारा समाज इतर सीमाही तशाच ओलांडतो. गाडीवरचे ओझे मालकाचे असते, भाडे वाहतूकदाराचे असते. जोखीम मात्र समोरून सायकलवर येणाऱ्या शाळकरी मुलाच्या वाट्यास येते. त्याने या व्यवहारास कधीही संमती दिलेली नाही. त्याच्या वतीने नकार देण्याचे कर्तव्य शासनाचे आहे आणि दुसऱ्या खेपेचे भाडे मुकाट्याने देण्याचे कर्तव्य आपले आहे.