वाचा गेली, बुद्धी नाही



लकव्याच्या झटक्यानंतर माणूस घरी येतो. नीट बोलत नाही. घरातले ठरवून टाकतात की याच्या डोक्यावर परिणाम झाला. मग त्याला कुणी काही विचारत नाही. मुलीचे लग्न त्याच्यासमोर ठरते, पण त्याला न विचारता. झोपडीच्या कागदावर त्याचा अंगठा घेतला जातो, पण कागद कसला ते सांगितले जात नाही. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे नेहमी पाहतो. हा अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या विकाराला वाचाघात म्हणतात. डॉक्टर अफेजिया म्हणतील. बहुतेक माणसांत भाषेचे काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालते. तिथे रक्ताची गुठळी अडकली, रक्तस्राव झाला किंवा जबर मार लागला, की भाषा बिघडते. डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणून उजवा हात-पाय आणि बोलणे अनेकदा एकदमच जाते. १८६१ साली पॅरिसमध्ये डॉ. पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाची माहिती मांडली. त्याला लोकांचे बोलणे कळे, पण तोंडातून ‘टॅन’ एवढेच निघे. काही रुग्णांचे उलट असते: ते भरभर बोलतात, पण त्यात अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही नीट कळत नाही. यात भूतबाधा नाही की वेड नाही.

“पाणी मागता येत नाही, पण विहारात त्रिशरण-पंचशील बरोबर म्हणतो. म्हणजे नाटकच!” असेही ऐकू येते. नाटक नव्हे. वर्षानुवर्षे पाठ असलेले आणि चालीतले शब्द बऱ्याचदा शाबूत राहतात. नवे वाक्य जुळवणे मात्र जमत नाही.

अशा माणसाशी बोलताना टीव्ही बंद करा. वाक्य लहान ठेवा, एका वेळी एकच प्रश्न विचारा. वस्तू किंवा चित्र दाखवा. उत्तराची वाट पाहा, त्याचे वाक्य तोडू नका. लहान मुलाशी बोलावे तसे बोलू नका. वाचा-उपचार लवकर सुरू करा. सरकारी रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा जास्त दिसते, पण पुढेही ती होत राहते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये कायमच्या वाचाघाताचा उल्लेख नावानिशी आहे. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र मागता येते. मालमत्तेचा आणि कायद्यापुढे बरोबरीचा हक्कही हाच कायदा देतो. तेव्हा न समजावता अंगठा घेणे म्हणजे त्या माणसाचा हक्क हिरावणे होय.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे: तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर लगेच १०८ ला फोन करा. मालिश, अंगारा यांत वेळ घालवू नका, तोंडात पाणीही घालू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो.

ज्यांचा आवाज कुणी ऐकत नव्हते त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला. त्याच समाजाने आपल्या घरातल्या माणसाला मुके ठरवून कोपऱ्यात बसवू नये. त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.