यादीत नाव लागले का?

आमच्या कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, आणि त्याचा कडू रस जिभेला लावल्याखेरीज फराळाच्या ताटाला हात लावू देत नाहीत. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पुढ्यात चकल्या-करंज्या असतील, पोरे फुलबाजे उडवीत असतील, भाऊबीजेच्या ओवाळणीचा हिशेब चालला असेल. अशा वेळी अकरावीच्या प्रवेशासारखा कडू विषय काढणे हे काही रसिकपणाचे लक्षण नव्हे. परंतु ज्या घरात दहावीचे मूल आहे, त्या घरात हा विषय दिवाळीच्या फराळातही बसलेलाच असतो. तेव्हा कारीट आधी फोडावे आणि मग खुशाल गोड खावे, एवढेच माझे म्हणणे.

चौतीस वर्षे मी हायस्कुलात मास्तरकी केली. निकालाच्या दिवसाचे पेढे मी पुष्कळ खाल्ले आहेत. पूर्वी पेढा देणाऱ्याला लोक विचारीत, "मार्क किती?" आता त्या प्रश्नाला तितकीशी किंमत उरलेली नाही. २०२५ साली दहावीचा निकाल शेकडा ९४ च्या वर लागला, आणि पुऱ्या शंभर टक्क्यांची मुले राज्यात दोनशेहून अधिक निघाली. सगळेच हुशार ठरल्यावर हुशारी मोजायची कशाने? म्हणून प्रश्न बदलला आहे. आता जिन्यात भेटणारी शेजारीण, दूधवाला आणि लग्नाला आलेला लांबचा मावसा, सगळे एकच विचारतात, "यादीत नाव लागले का? आणि कुठे?"

या 'कुठे'मध्ये सगळी मेख आहे.

आधी न्यायाची गोष्ट बोलतो. ही ऑनलाइन पद्धत निघाली ती काही कोणाच्या वाईटावर निघाली नव्हती. मुंबईत ती २००९ साली सुरू झाली. त्याआधी आईबाप या कॉलेजच्या दारातून त्या कॉलेजच्या दारात अर्जासाठी रांगा लावीत. कोणी चिठ्ठी घेऊन जाई, कोणी पाकीट घेऊन जाई, आणि ज्याच्याजवळ दोन्ही नसे तो गुणपत्रिका घेऊन उन्हात उभा राही. गुणांच्या क्रमाने यंत्राने यादी लावायची ठरली, तेव्हा त्या उन्हातल्या माणसाला खरोखरच सावली मिळाली. हे मी नाकारीत नाही, आणि ते जुने दिवस परत या असेही म्हणत नाही.

परंतु मुंबईच्या पायात जो जोडा बसला, तोच उभ्या महाराष्ट्राच्या पायात कोंबायचा, हा कोणता न्याय? २०२५ साली ते झाले. तोवर काही मोठ्या शहरांपुरती असलेली ही केंद्रीय पद्धत त्या वर्षी सगळ्या राज्याला लागू केली. अर्ज भरायला २१ मे रोजी सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळाने मान टाकली. मग २६ मेची तारीख दिली. यादी लांबली, वर्ग लांबले, आणि जून-जुलै सरून ऑगस्ट उजाडला तेव्हा कोठे मुले बाकावर बसली.

आता जरा बेरीज-वजाबाकी करू. त्या वर्षी दहावी उतरलेली मुले साडेचौदा लाखांच्या घरात. अकरावीच्या जागा एकवीस लाखांच्या वर. म्हणजे दहा मुलांमागे चौदा पाने मांडलेली! शेवटी सुमारे आठ लाख जागा रिकाम्या राहिल्या. ज्या पंगतीत पाने उरतात, त्या पंगतीत रांग, क्रमांक आणि फेऱ्या कशासाठी? पुण्या-मुंबईच्या पाचपन्नास नावाजलेल्या कॉलेजांत गर्दी असते हे खरे. पण त्या गर्दीची शिक्षा गडचिरोलीच्या आणि गुहागरच्या पोराने का भोगावी?

आता माझ्या घरची गोष्ट. माझी धाकटी बहीण रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावात राहते. तिची मुलगी त्या वर्षी एकाहत्तर टक्क्यांनी पास झाली. ज्या शाळेत ती पाचवीपासून शिकली, त्याच शाळेच्या आवारात, मधले पटांगण ओलांडले की, अकरावी-बारावीचे वर्ग आहेत. कला शाखा घ्यायची आणि पुढे मास्तरीण व्हायचे, हा तिचा बेत. शाळेत जागा होत्या, निम्म्याहून अधिक रिकाम्या. आदल्या वर्षापर्यंत मुलीने गुणपत्रिका घेऊन पटांगण ओलांडायचे, हेडमास्तरांनी सही करायची, की झाली अकरावीची विद्यार्थिनी.

त्या वर्षी पटांगण ओलांडण्यासाठी तिला आणि बापाला यस्टीने तालुक्याला जावे लागले. एकदा गेली तेव्हा संकेतस्थळ बंद. दुसऱ्यांदा गेली तेव्हा वीज नव्हती. तिसऱ्यांदा सायबरवाल्या पोराने अर्ज भरला. कॉलेजांची नावे एक ते दहा देता येतात. तो म्हणाला, "काका, एकच कशाला? चांगले कॉलेज वर टाकतो, तुमचे गावचे खाली ठेवतो. नाव लागायला हरकत नाही." भावोजींनी मान डोलावली. आपल्याच संस्थेच्या मुलांसाठी काही जागा राखून असतात आणि त्यांची मागणी वेगळी नोंदवावी लागते, हे त्यांना कळले ते मुदत संपल्यावर.

यादीत नाव लागले! तालुक्याच्या कॉलेजात, वाणिज्य शाखेला, घरापासून चोवीस किलोमीटरवर. सकाळची यस्टी वेळेवर आली तर दीड तासाची वाट, आणि पावसात दरड आली तर तीही नाही. बाप म्हणाला, नको, आपण गावच्याच शाळेत घालू. तेव्हा कळले की पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले असता ते नाकारले, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाद होते. सर्वांना खुल्या असलेल्या शेवटच्या फेरीपर्यंत थांबायचे.

बहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, शाळा खिडकीतून दिसते रे, आणि पोरगी घरात बसून आहे." मी चौतीस वर्षांचा मास्तर, मला उत्तर देता आले नाही.

पोरगी लावणीला गेली. त्यात कमीपणा नाही. आमच्या आयाही गेल्या. पण जुलैत एके दिवशी एक लांबचे पाहुणे 'सहज' घरी आले आणि जाताजाता म्हणाले, "कॉलेजचे काही होत नाही वाटते? मग एक स्थळ आहे ध्यानात." सोळा वर्षांची मुलगी! कायदा अठरा म्हणतो, पण रिकामे बसलेले मूल पाहिले की गावाला कायदा आठवत नाही, स्थळ आठवते. बहिणीने त्यांना चहा पाजून वाटेला लावले. ऑगस्टात मुलीला त्याच पटांगणापलीकडच्या वर्गात प्रवेश मिळाला. वर्ग निम्मा रिकामाच होता. तिच्याच बाकावरची दहावीतली मैत्रीण मात्र परत आली नाही. तिची आई चहा पाजून वाटेला लावणारी नव्हती.

कोणी म्हणेल, चूक सायबरवाल्याची, चूक बापाची. असेल. पण सोळा वर्षांच्या मुलीचे शिक्षण परक्या पोराच्या एका कळीवर टांगायचे आणि कळ चुकली तर बापाला बोल लावायचा, याला मी व्यवस्था म्हणत नाही.

आणि नियम तरी स्थिर असावेत! २००८ साली परसेंटाइलचे सूत्र आले. २००९ साली राज्य मंडळाच्या मुलांना शेकडा नव्वद जागा राखल्या. दोन्ही न्यायालयात टिकले नाहीत. २०१० साली सहांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरायचे ठरले. ते उच्च न्यायालयात पडले आणि सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. २०२१ साली, साथीमुळे परीक्षाच झाली नव्हती तेव्हा, अकरावीसाठी निराळी प्रवेश-परीक्षा काढली. तीही ऑगस्टात उच्च न्यायालयाने रद्द केली. खेळ सुरू झाल्यावर नियम ठरवायचे, ही रीत आट्यापाट्यांतसुद्धा चालत नाही.

परंतु सरकारवर सगळे खापर फोडून आपण फराळाला बसलो तर तेही खोटेपण होईल. शहरातल्या आईबापांना मी विचारतो: एवढा आटापिटा करून, अर्ध्या टक्क्यासाठी रडून, ज्या नामांकित कॉलेजात नाव लावता, तिथे तुमचा मुलगा जातो का? पुष्कळदा तो जातो शिकवणीच्या वर्गात. कॉलेजात फक्त त्याचे नाव जाते! क्लास आणि कॉलेज यांची सोयरीक अशी जमली आहे की वर्गात बाके रिकामी आणि क्लासात उभे राहायला जागा नाही. २०१८ साली सरकारला विज्ञान शाखेच्या मुलांची हजेरी अंगठ्याच्या ठशाने घेण्याचा हुकूम काढावा लागला. पूर्वी निरक्षर माणूस अंगठा उठवी; आता नव्वद टक्केवाले उठवतात. ही प्रगती कोणी घडवली? सरकारने नव्हे. आपण.

आणि नव्वद टक्के पडले म्हणून विज्ञान, कमी पडले म्हणून वाणिज्य, काहीच जमले नाही म्हणून कला, ही वर्णव्यवस्था कोणत्या शास्त्रात लिहिली आहे? ज्या मुलीला इतिहास आवडतो, तिला 'एवढे मार्क फुकट घालवणार का?' असे विचारणारे आपणच. आयटीआयत जाऊन हाताला काम मिळवणाऱ्या मुलाचे नाव नातेवाइकांत दबक्या आवाजात सांगणारेही आपणच.

उपाय फार मोठे नाहीत. जिथे जागा मुलांपेक्षा जास्त, तिथे प्रवेश शाळेच्या दारातच द्यावा आणि गर्दीच्या शहरांपुरती केंद्रीय पद्धत ठेवावी. कोणी म्हणेल, मग देणग्या आणि वशिले परत येतील, राखीव जागा डावलल्या जातील. त्यावर तोडगा आहे: शाळेने यादी भिंतीवर लावावी, सरकारी संकेतस्थळावर टाकावी, आणि तपासणाऱ्याने तपासावी. पारदर्शकपणा यादी उघडी ठेवल्याने येतो, पोराला तालुक्याला हिंडवल्याने येत नाही. अर्ज भरायचाच असेल तर तो दहावीच्या शाळेतच, मास्तरांनी समोर बसून, फुकट भरून द्यावा. पसंतीक्रम चुकला तर दुरुस्तीची एक संधी द्यावी. आणि नियम मूल नववीत असताना जाहीर करावेत, मग बदलू नयेत.

आमच्या पिढीला आठवते, अकरावी हा पूर्वी शाळेतलाच शेवटचा वर्ग होता. दहावी संपली की पोरे पुढच्या खोलीत जाऊन बसत. कोठारी आयोगानंतर सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला, त्यात शिकण्याच्या दृष्टीने चांगले पुष्कळ होते. पण दोन खोल्यांमधल्या भिंतीत दार ठेवायचे आपण विसरलो.

हे झाले कारीट. आता फराळाकडे वळा. फक्त एक करा. भाऊबीजेला एखादा भाचा, एखादी पुतणी पाया पडायला येईल, तेव्हा 'कुठे नाव लागले?' असे विचारू नका. काय शिकतोस, काय आवडते, एवढेच विचारा. माझ्या भाचीला मी तेच विचारणार आहे. तिच्या मैत्रिणीला कोण विचारील, हे मात्र मला कळत नाही.