फडातला शेजारी

दिवाळी सरली की वाळवा, पलूस, कडेगाव, कराड या तालुक्यांच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून संसार यायला लागतात. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडचे आणि सांगलीच्याच जत तालुक्यातले. पत्रे, बांबू, कोंबड्या, एखादी शेळी, पिठाचा डबा, म्हातारी आणि लेकरे. कारखान्याच्या तळावर नाहीतर ओढ्याकाठच्या पडीक रानात कोप्या उभ्या राहतात. साखराळे, कुंडल, वांगी, रेठरे बुद्रुक, यशवंतनगर इथल्या कारखान्यांची धुराडी पेटतात आणि त्याच आठवड्यात गावोगावच्या पारावर ठरलेली वाक्येही पेटतात. ‘बाहेरचे लोक आलेत, मोटारीच्या केबलीवर लक्ष ठेवा.’ ‘त्यांचे काय ते कारखाना बघेल.’ ‘पाच महिन्यांचे पाहुणे, त्यांना कशाला सगळे?’

बोलणारी माणसे दुष्ट नसतात. त्यातली बरीच जण संक्रांतीला तळावर तिळगूळ आणि जुने कपडे वाटतात. म्हणून तर ही वाक्ये तपासून पाहायला हवीत.

‘बाहेरचे’ या शब्दामागे हल्ली भाषेचा मुद्दा पुढे केला जातो. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत किंवा साताऱ्यातल्या बांधकामांवर उत्तर प्रदेश-बिहारची मुले दिसतात. त्यांनी मराठी शिकावे ही अपेक्षा रास्त आहे. पण भाषेचाच प्रश्न असता, तर केज-वडवणीहून आलेल्या ऊसतोड कामगाराला गावात सहज जागा मिळायला हवी होती. तो मराठीच बोलतो, त्याच्या आजोबांनी पंढरीची वारी केलेली असते, मतदार तो महाराष्ट्राचाच असतो. तरीही त्याची कोपी वेशीबाहेरच असते, त्याची बायको हापशावर सगळ्यांत शेवटी भांडे लावते आणि त्याच्या पोराचे नाव कोणत्याच हजेरीवर नसते. भाषा एक, देव एक, राज्य एक, एवढे जुळूनही माणूस बाहेरचाच राहत असेल, तर अडचण भाषेची नव्हती. ती गरिबीची आणि बिऱ्हाड पाठीवर असण्याची होती.

चोरीच्या संशयाचे तर सांगली-साताऱ्याने बोलूच नये, अशी स्थिती आहे. विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि पलीकडे माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली हजारो घरे गलाईवर उभी राहिली. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा घेऊन इथली माणसे केरळ, तमिळनाडू, आंध्र, दिल्ली, कोलकात्यापर्यंत पसरली. ज्या गल्लीत आपली भाषा कुणाला कळत नाही, तिथे भट्टी मांडून बसली. त्यांची मुले तमिळ, मल्याळम फडाफडा बोलतात. आणि या गलाई बांधवांच्या डोक्यावरची कायमची टांगती तलवार कोणती? चोरीचे सोने घेतल्याचा संशय. कुठेतरी घरफोडी होते, चोर सापडतो, तो एका दुकानाचे नाव घेतो आणि पोलीस आधी परमुलखातल्या माणसाच्या दारात उभे राहतात. मग विट्याकडे फोन येतात, आमदार-खासदारांना साकडे घातले जाते, निवेदने जातात. ‘आमची माणसे कष्टाळू आहेत, परगावी आहेत म्हणून त्यांना चोर समजू नका’ असे त्या निवेदनांत असते. ते खरेच आहे. हेच वाक्य तळावरच्या कोपीबद्दल पोलीस पाटलासमोर कोण बोलते?

सांगली-साताऱ्याचा मुंबईशी असलेला संबंध त्याहून जुना आहे. जावळी, पाटण, शिराळ्याच्या डोंगरातून गेलेल्या माणसांनी मुंबईच्या गोद्या आणि बाजारपेठा खांद्यावर वाहिल्या. ‘घाटी’ म्हणून हिणवून घेतले. लालबाग-परळच्या चाळीत एकेका गावाची खोली असे. पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, नवा पोरगा आला की जुन्याने त्याला गिरणीत नाहीतर धक्क्यावर चिकटवायचे. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळेच्या अण्णासाहेब पाटलांनी या हमालांना एकत्र केले आणि त्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला. मुंबईला बाहेरून आलेल्यांनी मिळवलेला हा कायदा आजही देशात नमुना म्हणून दाखवला जातो. एवढे करूनही 2020 च्या मे महिन्यात हेच मुंबईकर गावी परतले, तेव्हा कित्येक गावांनी रस्त्यावर काटेरी फांद्या आणि दगड टाकले. सख्खा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोलीत आणि डबा कुंपणावरून. त्या वेळी करोनाच्या साथीची भीती होती, हे मान्य. पण ‘बाहेरचा’ हा शिक्का किती पटकन कुणावरही बसतो, तेही तेव्हा दिसले.

आता दुसरे वाक्य: कारखाना बघेल. कायद्याने आणि न्यायाने कारखान्यावर जबाबदारी आहेच, ती सोडवून देण्याचे कारण नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचे ठरले आहे. तोडणीचा दर 2024 च्या जानेवारीत 34 टक्क्यांनी वाढला, तोही संप आणि वाटाघाटींनंतर. पण कारखाना म्हणजे तरी कोण? इथले बहुतेक कारखाने सहकारी. पारावर ‘कारखाना बघेल’ म्हणणारा स्वतः सभासद असतो, वार्षिक सभेला गाडी करून जातो, एफआरपी आणि सवलतीची साखर यांवर माईक धरून भांडतो. तळावर नळ किती आणि संडास किती, हा प्रश्न त्याच माईकवर विचारता येतो. तो क्वचितच विचारला जातो.

या न विचारण्याची किंमत आकड्यांत मोजलेली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019 मध्ये झाली, तेव्हा 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पश्चिम महाराष्ट्रात ती बातमी बीडची म्हणून वाचली गेली. शस्त्रक्रिया बीडमध्ये झाल्या खऱ्या, पण या कामगार बायकांच्या हंगामाचे दिवस कृष्णाकाठच्या आणि तशाच बागायती फडांत गेले होते. आडोसा नाही, पाणी नाही आणि एक दिवस खाडा झाला की दंड.

फडातला दिवस कसा असतो, ते ज्यांच्या रानात ऊस तुटतो त्यांना ठाऊकच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, अंधारातच फड गाठते. ऊस तोडायचा, वाढे वेगळे काढायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन तिरप्या फळीवरून ट्रॉलीत चढायचे. ट्रॉली रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. तान्हे पोर बांधावर, साडीच्या झोळीत. झोळीला झोका द्यायला सात वर्षांची बहीण. ही बहीण गावाकडच्या शाळेत दुसरीच्या वर्गात आहे, निदान कागदावर.

शेतकऱ्याचे गाऱ्हाणे इथे ऐकून घेतले पाहिजे, कारण ते खोटे नाही. तोड लवकर हवी तर टोळीला ‘खुशाली’ मोजावी लागते. सांगली-कोल्हापुरातल्या कितीतरी वाहनमालकांनी कर्ज काढून मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला लाखोंची आगाऊ उचल दिली आणि टोळी आलीच नाही. पोलीस ठाण्यात गुन्हे नोंदले गेले, ट्रॅक्टर विकावे लागले. हा राग खरा आहे, पण तो चुकीच्या दारात जाऊन उतरतो. उचल मुकादमाच्या हातात पडते, कोयत्यावर फक्त फेड येते. हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि ती वही कोप्यांत कुणी पाहिलेली नसते. हंगाम संपला तरी अंगावर बाकी निघाली, की पुढच्या वर्षी त्याच टोळीत यायचे. ज्याने फसवले तो आणि जो फसला तो, दोघांनाही ‘ऊसतोडवाले’ म्हणून एकाच मापाने मोजले की मुकादमाचे फावते. वाहनमालक आणि कामगार दोघांनाही लेखी करार आणि बँकेतून दिलेली उचल सोयीची आहे. हे दोघे एका बाजूला कधी उभे राहत नाहीत, ही मुकादमाची खरी कमाई.

‘पाच महिन्यांचे पाहुणे’ हे वाक्य मात्र फारसा वेळ देण्याच्या लायकीचे नाही. माण-आटपाडीचे मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या कृष्णाकाठी उतरतात, एका रानात चार रात्री बसतात. खतासाठी मेंढ्या बसवून घेणारा शेतकरी त्यांना धान्य देतो, सरपण देतो, विहिरीवर पाणी भरू देतो. चार रात्रींच्या पाहुण्याला जे रीतीने मिळते, ते पाच महिन्यांच्या पाहुण्याला नाकारायला कारण काय?

राहिला दयेचा मुद्दा. ब्लँकेटे वाटू नयेत असे कुणी म्हणणार नाही, जानेवारीत ओढ्याकाठी थंडी असतेच. पण वाटपाच्या फोटोने कोपीतल्या माणसाचा एकही हक्क मोकळा होत नाही आणि त्याचे हक्क कमी नाहीत. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. वयाचा पुरावा नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला आलेला नाही, म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी राज्याचे शिक्षण हमी कार्ड आहे. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेखाली बीडचे कार्ड वाळव्याच्या दुकानात अंगठा लावून चालते. गरोदर बाईला अंगणवाडीचा आहार आणि उपकेंद्रातली तपासणी ती जिथे राहते तिथे मिळायला हवी.

हे सगळे कागदावर असते आणि काउंटरवर अडते. ‘माल आपल्या गावापुरताच आलाय’, ‘साहेब आल्यावर बघू’, ‘पाच महिन्यांत काय शिकणार हे?’ या उत्तरांपुढे परगावचा माणूस परत फिरतो, कारण दुसऱ्या खेपेला यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. गावातला माणूस शेजारी उभा असला तर तोच दुकानदार यंत्र पुढे सरकवतो. त्याची त्या माणसाशी वर्षभर गाठ असते. शेजाऱ्याने करायचे काम ते हेच: रेशनच्या रांगेत सोबत उभे राहणे, मुलांना हाताला धरून मुख्याध्यापकांकडे नेणे, आशाताईला तळावरच्या गरोदर बायांची नावे देणे, चौकशीला बोलावलेल्या पोरासोबत पोलीस ठाण्यात जाणे. पैशाचा खर्च जवळजवळ नाही, ओळखीचा आहे.

साताऱ्याला हे नवे नाही. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्यात राहायला आली ती परगावची, सगळ्या जातींची, बहुतेक फाटकी पोरे. ही आपली कोण, असे विचारणारे तेव्हाही होते. वसतिगृह चालले.

एक गोष्ट मात्र सोबत जाऊन सुटत नाही, ती म्हणजे मत. 2024 च्या विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला होते आणि गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून सुरू करायचे ठरले होते. मत गावाकडे, माणूस फडात. ज्या गावात हा माणूस पाच महिने पाणी पितो, तिथल्या ग्रामसभेत त्याला आवाज नाही. सरपंचाला त्याची गरज नाही, उमेदवार त्याच्या कोपीत वाकून शिरत नाही. म्हणून तळावरचा नळ, फिरते शौचालय, वळणावरचा दिवा, अंगणवाडीचा फिरता वर्ग हे विषय मांडायचे तर ते गावच्या मतदारानेच मांडावे लागतात.

योगायोग असा की वर्षातल्या ठरलेल्या ग्रामसभांपैकी 26 जानेवारीची सभा ऐन हंगामात येते, टोळ्या गावात असतात तेव्हाच. त्या दिवशी झेंडावंदन होते, बुंदी वाटली जाते, घरकुलांच्या यादीवरून वादावादी होते. सभेची नोटीस आधीच फळ्यावर लागते. तळाच्या पाण्याचा विषय त्या पत्रिकेवर घ्यावा, असा एका कागदावरचा अर्ज ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यायला जानेवारीचा पहिला पंधरवडा पुरतो.