ब्लँकेट वाटलं, हिशेब राहिला

मागच्या रविवारी उपासना संपल्यावर चहा घेताना एका तरुण बंधूंनी मला सुनावलं, "काका, चर्चचं काम प्रार्थनेचं. न्याय-बिय सरकार पाहील." या वयात उत्तर चटकन सुचत नाही, म्हणून इथे लिहितो. लांबलं तर माफ करा.

मी बी.कॉम., सारी नोकरी बँकेत. १९८० नंतर आयआरडीपीची कर्जं आली तेव्हा मी सौंसर-पांढुर्ण्याच्या खेड्यांत फिरत होतो. म्हशीसाठी, बकऱ्यांसाठी कर्ज, त्यात सरकारची सबसिडी. एकदा संत्र्याच्या बागेतला एक मजूर टेबलापुढे उभा राहिला. म्हणाला, "साहेब, कागदावर पैसे पुरे हायेत, पन माह्या हाती अर्धेच आले." बाकीचे दलालानं खाल्ले, हे मला कळत होतं. पण माझे कागद बरोबर होते. मी फाइल मिटली. त्या रविवारी पहिल्या बाकावर बसून गीतं गायलो, दानार्पणही केलं.

पुढे नाताळात आमच्या मंडळीनं गरिबांना ब्लँकेटं वाटली. रांगेत तोच माणूस! मीच त्याच्या हातात ब्लँकेट दिलं. त्यानं मला ओळखलं, काही बोलला नाही. आज चाळीस वर्षं झाली, ती नजर जात नाही.

ब्लँकेट ही दया झाली. त्याचे बुडालेले पैसे मिळवून देणं, हा न्याय होता. आमोस संदेष्टा खोट्या तराजूवर का चिडला, हे एका बँकवाल्याला तरी कळायला हवं होतं.

न्याय हे चर्चचं काम नाही म्हणता? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई आपल्याच मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना नुसतं जेवू घातलं नाही, लिहायला-वाचायला आणि हाताचं काम करायला शिकवलं. आपल्या शेजारी बैतूल जिल्ह्यात लुथरन चर्चचं पाढर इस्पितळ आहे. २०१२ मध्ये तिथे जोडलेल्या जुळ्या बहिणींना शस्त्रक्रियेनं वेगळं केलं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाणी आणि जमीन वाचवायला रस्त्यावर उतरले, ते काय फक्त ख्रिस्ती विहिरींसाठी? तेच पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आता आपल्या घरातलं बोलतो, राग येईल तर येऊ द्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींत धरले जात नाहीत. शिखांना १९५६ मध्ये, बौद्धांना १९९० मध्ये तो हक्क मिळाला, आपल्याला नाही. त्यासाठी निवेदनं देतो, ते योग्यच. पण सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?" हे हळूच कोण विचारतं? सरकारच नाही ना? जो न्याय दिल्लीकडे मागतो, तो आधी आपल्या बाकावर, आपल्या पंगतीत दिसू द्या.

कुणी म्हणेल, बाहेरच्यांसाठी काही केलं की धर्मांतराचा आळ येतो. मध्य प्रदेशात १९६८ पासून त्याचा कायदा आहे, २०२१ मध्ये आणखी कडक झाला. भीती खोटी नाही. पण त्यावर दार लावून बसणं हा उपाय नव्हे. दार उघडं ठेवून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर काम करायचं, एवढंच.

करायचं काय? फार नाही. रविवारी उपासनेनंतर बाहेर झाडाखाली एक टेबल, दोन खुर्च्या. आपल्यात निवृत्त शिक्षक, बाबू, नर्स कमी आहेत का? पेन्शनचा अर्ज, जातीचा दाखला, अडकलेली मजुरी, बँकेचं पासबुक. जो येईल त्याचं काम बघायचं. धर्म विचारायचा नाही, प्रार्थनेला ये म्हणायचं नाही. गरज पडली तर त्याच्यासोबत तहसीलपर्यंत जायचं. २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा झाला, आता तर छिंदवाड्याची बसही धरावी लागत नाही. आणि मंडळीचा जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लावायचा. ज्याचा स्वतःचा हिशेब झाकलेला, त्यानं दुसऱ्याचा मागू नये.

टेबल माझ्या घरचं देतो. एक खुर्चीही माझी. दुसरीवर कोण बसतं, ते सांगा.