दिवस भरू न देणारे नियम

काम गेलेल्या माणसाला भत्ता दिला की तो आळशी होतो, असे विधान आपल्या सुशिक्षित समाजात मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. आम्हांस ते मान्य नाही. हे बोलणाऱ्यांनी त्या भत्त्याच्या अटी बहुधा वाचलेल्या नसतात.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाने २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणली. कारखाना बंद पडला, कपात झाली किंवा कायमचे अपंगत्व आले, तरच तिचे दार उघडणार होते. पुढे २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. दोन वर्षांचे विमाधारक काम आणि त्यांतील चारही सहामाह्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी, ही तिची मूळ अट. बदल्यात सरासरी रोजच्या मिळकतीच्या २५ टक्के, तेही आयुष्यात एकदाच, ९० दिवसांपुरते! करोनाच्या साथीत, २०२० साली, हे प्रमाण ५० टक्के झाले आणि लगतच्या सहामाहीसह दोन सहामाह्यांची वर्गणी पुरेशी ठरली. महिना १२ हजार मिळवणाऱ्याला या वाढीव दरानेही तीन महिन्यांचे १८ हजार होतात. एवढ्यावर कोणता संसारी माणूस आळशी होईल?

खरी मेख निराळीच आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगारास कपातीच्या वेळी नोटीस व भरपाईचा हक्क दिला. हक्क टाळायचा तर दिवसच भरू द्यायचे नाहीत, हे अनेकांनी लवकरच हेरले. सातपूर-अंबडच्या घराघरांतील आजीबाईंनाही 'ब्रेक' हा शब्द ठाऊक झाला, तो असा. म्हणजे एका नियमाने ब्रेकला निमित्त दिले आणि दुसरा नियम त्याच ब्रेकची शिक्षा कामगाराला देतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन आले. अकरा वर्षे एकाच फाटकातून आत गेलेला माणूस. परंतु कागदोपत्री चार ठेकेदार, तीन विमा क्रमांक आणि शेवटी कपातीऐवजी सही करून घेतलेला राजीनामा. आता ते एका इमारतीची रखवाली करतात. हातातले वेल्डिंगचे कसब वाया गेले.

बाजारावर होणारा परिणाम तो हाच. घरात तीन महिन्यांचे धान्य असेल, तर माणूस आपल्या कसबाला साजेसे काम शोधतो. नसेल, तर मिळेल ते, मिळेल त्या पगारावर धरतो. आणि त्याच्या नाइलाजाने शेजाऱ्याचीही मजुरी उतरते. भत्ता फार काळ मिळाल्यास माणूस कामावर उशिरा परततो काय, हा युरोपातला वाद इथे जसाच्या तसा आणणे म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचे पथ्य सांगणे होय.

नियमच नकोत, असे आम्ही म्हणत नाही. वर्गणीच्या निधीला कुंपण हवेच. पण सर्व ठेकेदारांकडील दिवस एकत्र मोजावेत, आणि दबावाने लिहून घेतलेला राजीनामा ही कपातच समजावी. बेरोजगारांच्या निर्वाहाची तरतूद हे कर्तव्य आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकात सांगितले. त्यास दानधर्म म्हटले नाही.

आमच्या वाचकांत कारखानदार आहेत, हजेरीपट सांभाळणारे अधिकारीही आहेत. पुढच्या ब्रेकच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यांनी त्या माणसाचे किती दिवस भरले आहेत आणि किती उरले आहेत, हे एकदा मोजावे, एवढीच आमची विनंती.