रिपोर्ट कोण लिहिणार?

मैत्रिणींनो, माझ्या ओळखीतली एक मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आईवडील शेतमजुरी करतात. दिवाळीत घरी आली तेव्हा मी कौतुकाने विचारलं, "प्रोजेक्ट कुठवर आला गं?" तर म्हणाली, "काकू, चौघांचा ग्रुप आहे. कोडिंग मुलं बघतायत. माझ्याकडे रिपोर्ट दिलाय." आणि ते कोडिंग तरी कुठलं? तयार प्रोजेक्ट विकत आणायचं घाटत होतं!

फीची अडचण बरीच हलकी झाली आहे. अनुसूचित जमातीच्या मुलींना सवलत होतीच. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचीही शिक्षण फी माफ झाली. 'प्रगती' शिष्यवृत्ती मिळाली तर वर्षाला ५० हजार वेगळे. म्हणजे मुलगी कॉलेजच्या दारातून आत जाते. पण आत गेल्यावर तिच्या हाती काय लागतं, हे आपण विचारतो का?

मी बी.ए. झालेली बाई. मला यातलं फारसं कळत नाही. पण एवढं कळतं, की ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क असे विषय तीन वर्षं शिकायचे आणि शेवटी ते सगळं वापरून काहीतरी उभं करायचं, तो प्रोजेक्ट. तिथेच हिला बाजूला बसवलं. पाककृतीची वही पाठ, पण चुलीपाशी जायचं नाही, अशातली गत. (घरातली चूल मात्र हिचीच असते, ते सोडा.)

मी तिला मणिबेलीची गोष्ट सांगितली. अक्कलकुवा तालुक्यातलं हे नर्मदाकाठचं गाव, राज्यातल्या मतदान केंद्रांच्या यादीत पहिलं. १९९३ मध्ये सरदार सरोवराचं पाणी इथे शिरलं. पुढे या भागात बार्जने जाणंयेणं सुरू झालं, पाण्यावरून दवाखानाही फिरू लागला. मी गेले होते तेव्हा माझा फोन दिवसभर मुका होता. तिकडच्या पाड्यांवर एक ताई बाळांची वजनं वहीत लिहायची आणि रेंज मिळेल तिथे येऊन तेच सगळं पुन्हा फोनमध्ये भरायची. डबल काम, त्यात चुका.

पोरीचे डोळे चमकले. "काकू, आम्हाला हे आहे! डिले टॉलरंट नेटवर्क म्हणतात." मग तिनेच मला समजावलं. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये थांबते. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या फोनवर चढते आणि तो फोन रेंजमध्ये गेला की पुढे पोचते. टपालाच्या थैलीसारखं. कर्नाटकातल्या दोड्डबल्लापूर तालुक्यात २००४ च्या आधीच बसवर यंत्र बसवून 'डाकनेट' नावाने हा प्रयोग झाला होता. अंतराळयानांशी बोलायलाही हीच युक्ती वापरतात म्हणे. मग आपल्या बार्जने काय घोडं मारलंय?

ऐकायला सोपं, करायला अवघड. एकाच बाळाची नोंद दोघींनी केली तर खरी कुठली? मध्येच बॅटरी संपली तर? बार्ज चार दिवस आलाच नाही तर? ही खरी शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे. 'लायब्ररी मॅनेजमेंट'चा तयार प्रोजेक्ट आणून यातलं काय कळणार?

आयांनो, लेक सुट्टीत आली की मार्कांसोबत हेही विचारा: "तू स्वतः काय बनवलंस? मला दाखव." कळलं नाही तरी दाखवायला लावा. आणि गाईड सरांना, मॅडमना विनंती, की तोंडी परीक्षेत प्रत्येकीला तिनेच लिहिलेला भाग उघडायला सांगा.

ती परत गेली. मुलं आधी कुरकुरली, "एवढं कोण करणार?" मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. तीन फोन घेऊन तिने बघितलं होतं, मधला फोन म्हणजे बार्ज. "काकू, नोंद पोचली! पण दोनदा पोचली." ती दोनदा का पोचली, ते शोधत रात्री जागतेय म्हणाली. रिपोर्ट अजून कुणीच लिहायला घेतलेला नाही.