समोरून येणाऱ्याचे डोळे

मराठीत प्रकाशाविरुद्ध बोलणे अवघड आहे. आपल्याकडे पुस्तके 'प्रकाशित' होतात, प्रबंध आपापल्या विषयांवर 'प्रकाश टाकतात', आणि परीक्षणाच्या शेवटी लेखक अंधाऱ्या कोपऱ्यांवर 'झोत' टाकून मोकळा होतो. प्रकाश जितका अधिक तितके बरे, हे गृहीतक इतके अंगवळणी पडले आहे की त्याची तपासणी करण्याची गरजच आपल्याला वाटत नाही. घाटरस्त्यांवर अलीकडे रात्री जे चालते त्याच्या मुळाशी बाजारातील स्वस्त एलईडी आहेत हे खरेच. पण हे गृहीतकही आहे, असे मला वाटू लागले आहे. जीप आणि तिच्या जातकुळीच्या गाड्यांना दिसेल तिथे दिवे लावण्याचा जो सोस सध्या आहे त्याबद्दल हे लिहीत आहे. साहित्याच्या पानावर हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे ओघात येईल. न आल्यास जीपवाल्याचा हट्ट समजून सोडून द्यावे.

अपराध्यांत मीही होतो. माझे महाविद्यालय तळकोकणात, मूळ घर घाटावर. त्यामुळे आंबोलीचा घाट वर्षातून चाळीसपन्नास वेळा तरी चढावा-उतरावा लागतो. जीप पंचविशी ओलांडलेली. पावसाळ्यात आंबोलीला ज्याला आपण धुके म्हणतो ते बहुधा डोंगराला टेकलेले ढगच असतात, आणि तिथे माझे हेडलाइट म्हणजे दोन आजारी कंदील होते. म्हणून एका मे महिन्यात गाडी गॅरेजात नेली आणि मोठ्या हौसेने काम करून घेतले: हेडलाइटमध्ये हॅलोजनच्या जागी निळसर पांढरे एलईडी बल्ब, बंपरवर दोन चौकोनी दिवे, आणि टपावर पुढच्या काचेच्या बरोबर वर एक लांबलचक एलईडी बार. पहिल्या रात्री घरासमोरचे भाताचे खाचर दिवसासारखे उजळले. शेजारची मुले टाळ्या वाजवू लागली. मलाही आपण काहीतरी मिळवले असे वाटले.

जुलैत घाटात शिरलो आणि सगळे दिवे लावले. समोर पांढरी भिंत उभी राहिली. रस्ता नाही, कठडा नाही, दरीकडची कडही नाही. गाडीचे बोनेट मात्र लख्ख दिसत होते. बार बंद करण्याचे बटण मी चाचपडत असतानाच वळणावरून एक बस आली आणि जागच्या जागी थांबली. मीही थांबलो. चालक खिडकीतून वाकून म्हणाला, "काय ओ, वरात घिऊन निघालाय व्हय?" मग खाली बोट दाखवले. माझ्या डाव्या चाकापासून दीड-दोन हातांवर इरले घेतलेला एक म्हातारा डोळ्यांवर आडवा हात धरून उभा होता. एवढा उजेड पाडूनही मला तो दिसला नव्हता. त्यालाही उजेडापलीकडे गाडी कुठे आहे हे कळेना, म्हणून तो जिथे होता तिथेच थिजला होता. बसचालकाने पाहिला म्हणून पाहिला.

त्यानंतर मी दिव्यांचा अभ्यास सुरू केला, तो बराचसा लाजेपोटी.

एम. एच. अब्राम्स यांचा 'आरसा आणि दिवा' हा १९५३चा ग्रंथ आपल्यापैकी अनेकांनी परीक्षेसाठी वाचला असेल. मोटारीच्या हेडलाइटमध्ये ही दोन्ही रूपके एकाच डब्यात नांदतात, आणि तिथे कळते की खरी सत्ता आरशाची आहे. जुन्या जीपांना जो बल्ब लागतो तो एच-४ जातीचा, ६०/५५ वॅटचा. त्यात दोन तारा असतात, एक अप्परसाठी, एक डिपरसाठी. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी बसवलेली असते. तारेतून निघून आरशाच्या खालच्या भागाकडे जाणारा उजेड ती वाटी अडवते, कारण तो तिथून परावर्तित झाला तर वर, समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. म्हणजे डिपरवर आरशाचा जवळजवळ अर्धा भाग मुद्दाम अंधारात ठेवलेला असतो. वाटीची एक कड किंचित तिरपी असते. आपल्यासारख्या डाव्या बाजूने गाडी हाकणाऱ्या देशांत त्यामुळे झोताची डावी बाजू थोडी वर उचलली जाते, कडेने चालणारा माणूस दिसावा आणि उजवीकडून येणारा दिपू नये म्हणून. कोणा अनाम अभियंत्याच्या या पत्र्याच्या तुकड्याइतके चांगले संपादन मी फार थोड्या ग्रंथांत पाहिले आहे.

आता या आरशात एलईडीचा बल्ब खुपसला की काय होते? आरसा घडवलेला असतो एका बारीक तारेसाठी, तिच्या नेमक्या जागेसाठी. एलईडीचा उजेड निघतो सपाट चकत्यांवरून. चकत्यांचा आकार आणि जागा तारेशी तंतोतंत जुळली नाही, आणि स्वस्त मालात ती सहसा जुळत नाही, तर आरसा गोंधळतो आणि उजेड वाट फुटेल तिकडे उधळतो. गाडीपुढची दहाबारा पावले भरपूर उजळतात, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटते, वा, काय उजेड आहे! प्रत्यक्षात जवळच्या या लखलखाटाने त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या आकसतात आणि दूरचे आणखी कमी दिसते. डाव्या वाहतुकीसाठी घडवलेला, स्वतःचा आरसा वा भिंग असलेला अख्खा एलईडी हेडलाइट ही वेगळी गोष्ट आहे, तो उत्तम असू शकतो. मात्र उजव्या बाजूने गाड्या हाकणाऱ्या देशांसाठी केलेले दिवेही आपल्याकडे सर्रास विकले जातात. त्यांचा झोत उजवीकडे उचललेला असतो, म्हणजे थेट समोरच्याच्या तोंडावर. घेण्याआधी तो भिंतीवर पाडून पाहिला की लगेच कळते, पाहतो कोण?

गाडी उंच करण्याच्या हौसेने यात भरच पडते. डिपरचा झोत साधारणपणे शंभराला एक या उताराने खाली वळवलेला असतो. जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर सव्वादोन-अडीच मीटर. फक्त पुढची बाजू पाच सेंटिमीटर उचलली की गाडी शंभराला दोन या प्रमाणात मागे कलते, आणि खाली पाहणारा दिवा आकाशाकडे पाहू लागतो. हिशेब तिसरीतल्या मुलाला यावा असा आहे. तरी उंच केलेल्या दहा गाड्यांत दिवे पुन्हा जुळवून घेतलेली एक सापडली तरी मला आश्चर्य वाटेल.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १०६वा नियम वाचला तेव्हा मात्र मी, व्यवसायाच्या सवयीने, थबकलो. पुढच्या दिव्याने कोणाला दिपवू नये असे म्हणून नियम थांबत नाही. तो एक माणूस कल्पितो: दिव्यापासून आठ मीटरवर उभा, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, आणि त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर. या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. आपण वर्गात 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना समजावताना किती कसरत करतो! इथे एका सरकारी नियमाने त्याची उंचीसुद्धा मोजून ठेवली आहे. त्या रात्रीचा म्हातारा याहून बुटका होता, आणि डाव्या बाजूला होता. पण उजेड पाडणाऱ्याने आधी समोरच्याचे डोळे मनात धरावेत, ही नियमाची रीत मला पटली. आपले पुष्कळसे समीक्षालेखन या कसोटीला उतरणार नाही. असो.

धुक्याचे गणित याहून वेगळे आहे. धुक्याचा प्रत्येक थेंब उजेड विखुरतो आणि त्यातला काही आपल्याकडेच परत पाठवतो. दिवा आपल्या नजरेच्या रेषेला जितका जवळ, तितका हा परतीचा उजेड नजरेच्या आड अधिक. म्हणून फॉगलॅम्प खाली, बंपरच्या पातळीला, आणि त्याचा झोत रुंद, चपटा, वरून सरळ कापलेला असावा लागतो. टपावरचा बार म्हणजे याचे शब्दशः उलटे. कोरड्या हवेतही त्याचा एक दोष आहे: तो डोळ्यांच्या जवळ असल्याने खड्ड्यांच्या आणि दगडांच्या सावल्या चालवणाऱ्याला दिसतच नाहीत. कच्च्या वाटेवर खड्ड्याची खोली कळते ती सावलीवरून. खालच्या दिव्यात रस्त्यात बसलेल्या बेडकाचीही हातभर सावली पडते. आंबोलीत पावसाळी रात्री बेडूक काही थोडे नसतात. एक जातीचा भेक तर तिथलाच म्हणून ओळखला जातो.

पिवळ्या काचेचाही एक गैरसमज आहे. पिवळा उजेड धुके भेदून जातो असे गॅरेजात शपथेवर सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की निळा काय नि पिवळा काय, सगळेच रंग ते जवळपास सारखे विखुरतात. तरीही मी पिवळाच पसंत करतो, कारण निळा अंश काढून टाकला की परतणारा उजेड डोळ्यांना कमी बोचतो. फ्रान्समध्ये १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. त्या पिवळेपणाच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत मतभेद राहिले. माझे मत माझ्या पंचावन्न वर्षांच्या डोळ्यांचे आहे, एवढेच.

शेवटी मी काय केले? आधी जुने वायरिंग पाहिले. जुन्या जीपांत हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बटणातून, लांबलचक झिजलेल्या तारांतून फिरून दिव्यापर्यंत जातो. वाटेत विजेचा दाब दहा टक्क्यांनी घटला तर हॅलोजनचा उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे माझे कंदील आजारी नव्हते, उपाशी होते. बॅटरीपासून थेट जाड तार, मध्ये फ्यूज आणि रिले, काळवंडलेल्या आरशांच्या जागी नवे आरसे, आणि बल्ब तोच साधा ६०/५५चा. शंभर वॅटचे बल्ब मी मुद्दाम टाळले. ते होल्डर वितळवतात. मग सपाट अंगणात भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून, दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली खडूची रेघ ओढली आणि झोताची वरची कड तिच्यावर आणून बसवली. बंपरखाली दोन पिवळे फॉगलॅम्प. संपले.

यावर मित्रांचा आक्षेप असा की बाकी सगळे दिपवत असताना मी एकट्याने नमते का घ्यावे. आक्षेप खोटा नाही. समोरून झोत आला की डोळे सावरायला काही सेकंद लागतात, आणि ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला दहा मीटर कापते. तेवढे अंतर मी आंधळाच असतो. पण मीही त्याला आंधळे केले तर त्या अरुंद रस्त्यावर दोन आंधळे होतील, एवढाच फरक पडेल. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: पांढरे पट्टे पुसलेले, कठड्यावरचे चमकते तुकडे निखळलेले, अशा रस्त्यावर माणसाने जास्त दिवे लावू नयेत तर काय करावे? हे मला मान्य आहे. कडेचा पट्टा ठळक रंगवलेला असेल तर साधा हॅलोजनही पुरतो, आणि तो रंगवण्याचे काम गाडीवाल्याचे नाही. तोवर उपाय एकच आणि नावडता: हळू जाणे. विचार करायला दीड सेकंद आणि ओला रस्ता धरला, तर ताशी वीसच्या वेगातली गाडी साधारण बारा मीटरांत थांबते, चाळीसच्या वेगातली तीसहून अधिक. आंबोलीच्या दाट धुक्यात पंधरा मीटर दिसले तरी नशीब.

गेल्या पावसाळ्यात त्याच वळणावर बहुधा त्याच वेळेची बस भेटली. चालक तोच होता की नाही कोण जाणे. त्याने डिपर दिला, मी दिला, आणि आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो. टपावरचा बार आता घराच्या पडवीत जुन्या बॅटरीला जोडून ठेवला आहे, कौलांकडे तोंड करून. पावसात वीज गेली की शेजारची मुले त्याखाली अभ्यासाला येतात.